वेलांटी आधी की अक्षर आधी?

टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये मराठी टाइपरायटर बडवलेल्यांना बोटांची ती कसरत आजही आठवत असेल. ‘किती’ लिहायचं तर आधी वेलांटी, मग क. ग हवा तर आधी अर्धा ग् आणि त्याला काना. मनात अक्षर एका क्रमाने यायचं, कागदावर दुसऱ्याच. तरी मिनिटाला तीस शब्दांची परीक्षा पास झालं की छाती फुगायची. मराठी टंकन येणाऱ्याला कचेरीत मान होता आणि तो त्याने कष्टाने कमावलेला होता.

पुढे संगणक आला, पण कसरत संपली नाही. एका फॉन्टमधला मजकूर दुसऱ्याच्या संगणकावर उघडला की नुसती अगम्य चिन्हं! मोबाइल हाती आला तेव्हा तर ‘कुठे आहेस’ हेही आपण रोमन लिपीत विचारू लागलो.

चित्र पालटलं त्यात पवईच्या आयआयटीतल्या इंडस्ट्रियल डिझाइन सेंटरचा, म्हणजे आयडीसीचा, मोठा वाटा आहे. ही संस्था १९६९ची. सुलेखनकार र. कृ. जोशी इथेच शिकवत. विंडोज २०००बरोबर घरोघरी पोहोचलेला ‘मंगल’ फॉन्ट त्यांचा. नंतर प्रा. अनिरुद्ध जोशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रश्नच उलटा धरला: माणसाने यंत्राची सवय का करून घ्यायची? २००४मध्ये त्यांनी मांडलेल्या ‘कीलेख’ कीबोर्डवर अक्षरं वर्णमालेच्या ओळींत बसली. मग मोबाइलसाठी ‘स्वरचक्र’ आलं. ‘क’वर बोट टेकवलं की भोवती का, कि, की, कु असं चक्र उमलतं, हव्या त्या दिशेला बोट सरकवलं की काम झालं. पहिलीत शिकलेली बाराखडी पुरते, वेगळा क्लास लागत नाही.

टाइपरायटरची खटखट आठवली की आजही बरं वाटतं. पण त्या काळी अर्ज टाइप करून घ्यायला कोर्टाबाहेर ताटकळणारी माणसंही आठवतात. आज त्यांची नातवंडंच काय, घरातल्या आज्याही आपला निरोप आपणच मराठीत लिहितात. हे मोल मोठं आहे.

आता तर नुसतं बोललं तरी मजकूर उमटतो. मात्र तो बहुतेक प्रमाण मराठीच्या वळणाचा. अहिराणी, मालवणी, वऱ्हाडी बोलणाऱ्यालाही आपला सूर न बदलता हे साधलं पाहिजे. विद्यापीठांतल्या संशोधकांनी आता त्यांच्या ओसरीवर जाऊन बसावं.