झोळीतली वर्षं

माणसाचे सगळे कौतुकसोहळे त्याला आठवणार नाहीत अशाच वयात उरकले जातात. पाचवी, बारसं, उष्टावण, जावळ, संक्रांतीचं बोरन्हाण. पाचवीच्या रात्री पूजेत कोरा कागद न् पेन ठेवायचं, कारण सटवाई येऊन नशीब लिहिणार. आणि ज्याचं नशीब ते मुठी आवळून गाढ झोपलेलं. पुढं कधीतरी कोणी अल्बम काढतं, हलव्याचा मुकुट घातलेलं रडकं पोर दाखवतं आणि म्हणतं, ही तू. आपण मान डोलावतो. फोटोशी भांडायचं कोणी?

माझ्याकडे अल्बमही नाही. माझा जन्म 1971 चा. म्हणजे बहात्तरच्या दुष्काळात मी होते, नुसती होते असं नाही, कामावर होते. देऊळगाव राजाच्या शिवारात आई दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची आणि मला बाभळीला बांधलेल्या लुगड्याच्या झोळीत टाकायची. वारं असलं तर झोळी आपोआप हालायची, नसलं तर पाणी पाजणारी म्हातारी जाता-येता एक झोका द्यायची. दुपारी सुकडी मिळायची. आई ती पाण्यात कालवून बोटानं माझ्या तोंडात घालायची. रात्री मिलोची लालसर भाकरी. आमच्या वयाच्या माणसांना तो दुष्काळ तोंडपाठ आहे, आठवत मात्र कोणालाच नाही.

"तुला काय आठवंल? तू तर फडक्यात होतीस," आई म्हणते.

शास्त्रज्ञ आईच्या बाजूनं आहेत. बहुतेकांची पहिली आठवण तीन-साडेतीन वर्षांच्या आसपासची निघते. त्याच्या अलीकडे अंधार. फ्रॉइडनं 1905 मध्ये यावर लिहिलं आणि सगळा दोष दडपलेल्या इच्छांवर टाकला. बाभळीच्या सावलीत झोपलेल्या पोरानं एवढं काय दडपलं असेल, हे मला कधी पटलं नाही. त्यापेक्षा टोरंटोच्या पॉल फ्रँकलंड आणि शीना जोसलिन यांच्या प्रयोगशाळेतलं उत्तर शेतकऱ्याच्या लेकीला लवकर कळतं. मेंदूत आठवणींची नोंद घेणारा हिप्पोकॅम्पस नावाचा भाग आहे. तान्ह्या वयात तिथं नव्या पेशी भराभर तयार होतात आणि आधीच्या जोडण्यांमध्ये घुसतात. काळ्या रानात वखराची पाळी घातली की कालच्या गाडीची चाकोरी मोडते, तसंच हे. या चमूनं 2014 मध्ये उंदरांवर हे दाखवलं: पिल्लांमधली नव्या पेशींची वाढ मंदावली तर ती कमी विसरली, आणि मोठ्या उंदरांमध्ये ती वाढवली तर तेही शिकलेलं विसरले. गिनीपिगची पिल्लं जन्मतःच बरीच तयार असतात. ती फारसं विसरत नाहीत. म्हणजे मेंदू वाढतो म्हणूनच विसरतो.

पण नोंदच होत नाही असंही नाही. येल विद्यापीठातल्या संशोधकांनी जाग्या बाळांना, आईबापांना जवळ ठेवून, स्कॅनरमध्ये चित्रं दाखवली. 2025 मध्ये त्यांनी छापलं की साधारण वर्षाच्या बाळाचा हिप्पोकॅम्पसही चित्र टिपून ठेवतो. मग ती खडीची रास, तो हातोड्याचा ठोका, कुठंतरी उमटला होता म्हणायचा. नंतर तिथवर जायची वाट गेली.

न्यूझीलंडच्या ओटागो विद्यापीठातला एक प्रयोग मला सगळ्यात आवडतो. गॅब्रिएल सिमकॉक आणि हार्लिन हेन यांनी दोन-तीन वर्षांच्या मुलांना एक जादूचं यंत्र दाखवलं: मोठं खेळणं आत टाका, दांडा फिरवा, तेच खेळणं लहान होऊन बाहेर. सहा महिन्यांनी, वर्षानं विचारलं. मुलं फोटो ओळखत होती, करून दाखवत होती. दरम्यान त्यांना बरेच नवे शब्द आले होते. तरी यंत्र पाहिलं त्या दिवशी जो शब्द येत नव्हता, तो त्या आठवणीसाठी एकाही मुलानं वापरला नाही. मी सुकडी खाल्ली तेव्हा माझ्या तोंडात सुकडी होती, 'सुकडी' नव्हती.

गंमत अशी की बोलायलाही मी त्याच अंधारात शिकले. चालणं, आईचा आवाज ओळखणं, कोणाच्या कडेवर जायचं न् कोणाच्या नाही, हे सारं तिथलंच. पावती हरवली, माल घरात आहे.

आणि जे हरवलं ते दुसऱ्यांकडे राहतं. न्यूझीलंडच्याच एका अभ्यासात माओरी लोकांच्या पहिल्या आठवणी इतरांपेक्षा लवकरच्या, तीन वर्षांच्याही आतल्या निघाल्या. त्यांच्यात मागच्या गोष्टी सांगण्याची रीत मोठी आहे. आमच्या शेजारचं सिंदखेडराजा घ्या. लखुजी जाधवांच्या वाड्यातल्या रंगपंचमीला लहानग्या जिजाऊंनी शहाजींवर रंग उडवला, ही गोष्ट इकडच्या प्रत्येक घरात सांगतात. जिजाऊंना स्वतःला ती आठवत होती का, कोणी विचारलेलं नाही.

आईला मी विचारलं, तुझं लहानपण? ती गप्प झाली नाही, हसली. गांधीजी गेले त्या साली जन्म, एवढं तिच्या आईनं सांगितलेलं. शाळेत मास्तरांनी 1 जून टाकला. सांगणारी आई गेली, थोरला भाऊ गेला. तिच्या झोळीच्या झाडाचं नाव सांगणारं आता कोणी नाही. माझं झाड बाभळीचं, याबद्दलही मावशीचं दुमत आहे. ती कडुनिंब म्हणते, आणि दोघी हटत नाहीत.

नातू अडीच वर्षांचा असताना आम्ही त्याला बालाजीच्या यात्रेला नेलं होतं. आश्विनात इथं मोठाले लाकडी लाठे दोरांनी उभे करून मंडप घालतात; खाली ही गर्दी, वर गोविंदाचा गजर. पोरगं बापाच्या खांद्यावर होतं आणि बराच वेळ झोपलेलंच होतं. आता ते पाच वर्षांचं आहे. अमेरिकेच्या पॅट्रिशिया बाउर यांनी मुलांना वर्षानुवर्षं विचारून पाहिलं, तर तीन वर्षांच्या वयातल्या घटनांपैकी साठ टक्क्यांहून अधिक पाच ते सात वर्षांच्या मुलांना आठवत होत्या, आठ-नऊ वर्षांच्यांना चाळीस टक्क्यांहूनही कमी. म्हणजे याच्या हातात अजून दोन-तीन वर्षं आहेत. परवा जेवताना तो म्हणाला, "मी लाठ्यावर चढलो होतो."

त्याची आई म्हणाली, "नाही रे, तू झोपला होतास."

त्यानं पणजीकडे पाहिलं. ती भाकरी मोडत होती.

"चढला होता की," ती म्हणाली. "मीच तर खालून धरलं होतं."