चहादाणीची पारख

आजीची चहादाणी चांदीची, असा आमच्या घरी पिढीजात समज. धाकट्या बहिणीच्या शिक्षणासाठी ती मोडावी, असेही ठरत आले होते. तत्पूर्वी आम्ही ती उपडी करून भिंगाने न्याहाळली. इंग्रजी चांदीवर चालत्या सिंहाचा ठसा असतो. तो येथे नव्हता. होती ती तुतारी व तिला लटकणारे निशाण, म्हणजे शेफील्डच्या जेम्स डिक्सन अँड सन्सची खूण, आणि 'ई. पी. बी. एम.' ही अक्षरे. अर्थात् अंग ब्रिटानिया धातूचे: बहुतांशी कथील, थोडे अँटिमनी व तांबे, वर विजेने चढविलेला चांदीचा पातळ मुलामा. ह्या कृतीचे पेटंट बर्मिंगहॅमच्या एल्किंग्टन यांनी १८४० साली घेतले. तेव्हा चहादाणी त्यापूर्वीची नव्हे. असले भांडे चुलीवर वितळते, हे आम्ही आईस तत्काळ सांगितले. आजीस मात्र अद्याप काही सांगवत नाही.