तांबड्या मातीतील सिमेंटची माणसे

हावडा स्थानकातून बाहेर पडणाऱ्या प्रवाशाला कोलकात्याचे पहिले दर्शन घडते ते पोलादाचे. हुगळी नदीवर १९४३ साली खुला झालेला हावड्याचा पूल सुमारे साडेसव्वीस हजार टन पोलादाचा आहे. आणि त्याचे सारे भाग नट-बोल्टने नव्हे, तर रिव्हेट ठोकून जोडलेले आहेत. याच नदीच्या तीरावर रिशडा येथे १८५५ साली तागाची पहिली गिरणी निघाली आणि पुढे दोन्ही काठांवर धुराड्यांची रांग उभी राहिली. खेड्यांतून निघालेली असंख्य माणसे भोंग्याच्या हाकेला ओ देत या महानगरात आली.

नदी ओलांडून मैदानाकडे गेले की, कोलकात्याचे दुसरे रूप दिसते. मकराण्याच्या शुभ्र संगमरवरातील व्हिक्टोरिया मेमोरियल १९२१ साली जनतेस खुले झाले. त्याच्यासमोर ब्राँझची महाराणी सिंहासनावर बसलेली आहे. एके काळी या परिसरात व्हाइसरॉय आणि सेनापती यांचे पुतळे चौकाचौकांत उभे होते. शतकानुशतके टिकावेत म्हणून ते ब्राँझमध्ये ओतले होते. परंतु १९६० च्या दशकाच्या अखेरीस त्यांतील बरेचसे चौथऱ्यांवरून उतरविण्यात आले आणि काहींची रवानगी बराकपूरच्या बागेत झाली. धातू टिकला, जागा मात्र टिकली नाही.

पुतळ्याला जागा कोण मिळवून देते, त्याचा धातू की त्यातील माणूस, हा प्रश्न येथे मनात उभा राहतो. त्याचे उत्तर शोधावयाचे असेल, तर हावड्याहून बोलपूरची गाडी धरावी. सुमारे दीडशे किलोमीटरच्या या प्रवासात भाताची सपाट शेते मागे पडतात आणि वीरभूम जिल्ह्याची तांबडी माती दिसू लागते. कोकणातील वाचकास ती परकी वाटणार नाही. कारण ती आपल्या जांभ्याचीच सख्खी बहीण आहे. बोलपूरला लागूनच शांतिनिकेतन आहे. येथील कलाभवनाच्या आवारात उघड्या आकाशाखाली रामकिंकर बैज यांची शिल्पे उभी आहेत.

रामकिंकरांचा जन्म १९०६ साली बांकुडा येथे एका गरीब नाभिक कुटुंबात झाला. गावातील कुंभारांना मूर्ती घडविताना पाहत आणि चित्रे रंगवीत ते वाढले. ‘प्रबासी’ व ‘मॉडर्न रिव्ह्यू’ या कलकत्त्याच्या नियतकालिकांचे संपादक रामानंद चट्टोपाध्याय हेही मूळचे बांकुड्याचेच. त्यांनी या मुलाचे गुण हेरले आणि १९२५ साली त्यास शांतिनिकेतनात आणून सोडले. तेथे नंदलाल बसूंसारखे गुरू लाभले. युरोपातून आलेल्या काही शिल्पकर्त्री तेथे अल्पकाळ राहून गेल्या, त्यांच्याकडूनही रामकिंकरांनी पुष्कळ घेतले. पुढे बहुतेक सारे आयुष्य त्यांनी शांतिनिकेतनातच शिकण्यात आणि शिकविण्यात घालविले.

मोठी शिल्पे करण्याची ओढ अनिवार होती. पैसा मात्र नव्हता. ब्राँझचे शिल्प म्हणजे आधी मातीचा नमुना, मग साचा, मग मेण आणि शेवटी भट्टीतील ओतकाम. इतका खर्च आश्रमास झेपणारा नव्हता. तेव्हा रामकिंकरांनी गवंड्याचे साहित्य हाती घेतले. लोखंडी सळ्यांचा सांगाडा उभारावा, सिमेंटमध्ये तांबडी जांभ्याची खडी कालवावी, तो ओला माल मुठीमुठीने सांगाड्यावर मारावा आणि तो पुरता घट्ट होण्यापूर्वी छिन्नीने आकार काढावा, अशी ही रीत. सिमेंट कोणाची वाट पाहत नाही. हात चटकन चालला पाहिजे आणि झालेली चूकही पचविता आली पाहिजे. म्हणूनच या शिल्पांचा पृष्ठभाग खडबडीत आहे, आणि ज्या भूमीवर ती उभी आहेत तिचेच खडे त्यांच्या अंगात आहेत. जी गोष्ट प्रथम अडचण म्हणून आली, तिचेच त्यांनी वैभव केले.

१९३५ साली त्यांनी झाडांच्या सावलीत एक उंच, सडपातळ स्त्रीमूर्ती उभी केली. पुढे तिच्या मस्तकावर पायसाचे पात्र आले आणि ती ‘सुजाता’ झाली. ती पाहून रवींद्रनाथांनी सारा आश्रम अशा शिल्पांनी भरून टाकण्यास सांगितले, अशी आठवण शांतिनिकेतनात सांगितली जाते. १९३८ साली ‘संथाल कुटुंब’ पूर्ण झाले. पुरुषाच्या खांद्यावर कावड आहे. तिच्या एका पारड्यात मूल बसले आहे आणि दुसऱ्यात संसार. शेजारी कडेवर तान्हे घेतलेली स्त्री चालते आहे आणि बरोबर त्यांचा कुत्रा आहे. कामाच्या शोधात बिऱ्हाड पाठीवर घेऊन निघालेले हे कुटुंब प्रत्यक्ष माणसांहून मोठ्या आकारात घडविलेले आहे. राजे आणि सेनापती यांच्यासाठी राखून ठेवलेली भव्यता येथे प्रथमच मजुराच्या वाट्यास आली आहे, असे ते पाहताना वाटते.

परंतु कोलकात्याहून आलेल्या प्रवाशाने अधिक वेळ थांबावे ते १९५६ सालच्या ‘कलेर बाँशी’पुढे. बोलपूरच्या आसपास भातगिरण्या होत्या आणि संथाळ स्त्रिया तेथे कामाला जात. भोंगा वाजला आहे, उशीर झाला आहे; दोन स्त्रिया धावत सुटल्या आहेत, बरोबर मूल आहे. ओली वस्त्रे वाऱ्यावर वाळवीत त्या पळत आहेत. कल म्हणजे यंत्र. आपण ज्यास रुक्षपणे भोंगा म्हणतो, त्यास बंगाली माणूस बाँशी म्हणतो. कृष्णाच्या मुरलीचाही शब्द तोच. त्या मुरलीच्या नादाने घरदार टाकून धावणाऱ्या गोपी कीर्तनांतून आपल्या परिचयाच्या आहेत. येथील धाव पोटासाठी आहे. तरीही रामकिंकरांनी या स्त्रियांना केविलवाण्या केलेले नाही. त्यांच्या देहांत वेग आहे, बळ आहे आणि सकाळचा आनंदही आहे. कारखान्याच्या सिमेंटातून कारखान्याकडे धावणारी माणसे घडावीत, यात साहित्य आणि विषय यांचे विलक्षण ऐक्य साधले आहे.

महाराष्ट्रातील वाचकास या संदर्भात विनायक पांडुरंग करमरकर यांचे स्मरण होईल. अलिबागजवळच्या सासवणे गावचे हे शिल्पकार १९१६ साली कलकत्त्यास गेले आणि काही वर्षे तेथे राहून त्यांनी नाव मिळविले. पुढे पुण्याचा अश्वारूढ शिवाजी ब्राँझमध्ये घडविणाऱ्या या हातांनी सासवण्याच्या अंगणात सिमेंटही तितक्याच प्रेमाने हाताळले. करमरकरांचे सिमेंट त्वचेसारखे नितळ, तर रामकिंकरांचे झाडाच्या सालीसारखे राठ. पण पश्चिम किनाऱ्यावर काय किंवा वीरभूमात काय, स्वस्त साहित्यास हलके न मानणारी वृत्ती एकच.

१९७० साली रामकिंकरांना पद्मभूषण मिळाले. २ ऑगस्ट १९८० रोजी कोलकात्यातील रुग्णालयात त्यांचे निधन झाले. सिमेंट अमर नसते. पावसाचे पाणी चिरांतून आत शिरते, सळ्या गंजून फुगतात आणि कवच फोडू पाहतात. शेवाळही आपला हक्क सांगते. उघड्यावरच्या या शिल्पांची निगा राखणे हे म्हणूनच सोपे काम नव्हे. २०२३ साली युनेस्कोने शांतिनिकेतनास जागतिक वारसास्थळ म्हणून मान्यता दिली, तेव्हा ही जबाबदारी अधिकच वाढली.

कोलकात्यास जाण्याचा योग आल्यास एक दिवस बोलपूरसाठी अवश्य राखून ठेवावा. थंडीचे दिवस उत्तम. विश्वभारतीचे प्रवेशाचे नियम आधी विचारून घ्यावेत आणि मुलांना बरोबर न्यावे. कावडीतले मूल त्यांना बिनचूक सापडेल. आणि हे लोक कोठे निघाले आहेत, हा प्रश्नही तीच विचारतील.