भोकाच्या पैशाचे पाच लाख?

परवा रात्री पंचवटीतून मावशीचा फोन. "अरे, तू पेपरवाला ना? माझ्याकडे भोकाचा पैसा आहे. मोबाईलवरचा एक माणूस पाच लाख देतो म्हणतोय. आधी फक्त साडेतीन हजार नोंदणी भरायचीय."

म्हटलं, "मावशी, एक रुपयाही भरू नकोस. सकाळी येतो."

देवघरातल्या डबीत पैसा होता, १९४४ सालचा. तिच्या सासूबाईंनी तो लेकराच्या करगोट्यात ओवला होता. भोक आयतंच होतं ना!

पण ते भोक करगोट्यासाठी नव्हतं, मंडळी. दुसरं महायुद्ध चालू होतं. तांबं काडतुसांना लागत होतं, निकेलही युद्धाकडे वळलं होतं. जुना पैसा जवळपास पाच ग्रॅमचा. १९४३ पासून मधला भाग कापून तो दोन ग्रॅमच्या आसपास आणला. आणे-दोन आणे पिवळ्या निकेल-पितळेचे झाले. रुपयातली चांदी १९४० मध्येच जवळपास ९२ टक्क्यांवरून ५० वर आली होती. लोक चांदीचे रुपये दडवू लागले, तेव्हा सरकारने एक रुपयाची नोट काढली. ती छापली कुठे? आपल्या नाशिकरोडच्या प्रेसमध्ये! १९४७ च्या रुपयात तर चांदी उरलीच नाही, नुसतं निकेल.

म्हणजे युद्ध लांब कुठेतरी चाललं होतं, पण त्याचा खर्च आपल्या आजी-आजोबांच्या खिशातून जात होता. मावशीचा पैसा हा त्याचा पुरावा आहे.

मग पाच लाख? छे! असे पैसे कोट्यवधी पाडले गेले. साध्या नाण्याला किरकोळ भाव मिळतो. आणि जुन्या नाण्यांच्या व्यवहारात आपण नाही, त्यासाठी कुठलंही शुल्क घेत नाही, असं रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्येच जाहीर केलंय. आधी पैसे मागणारा 'खरेदीदार' भामटाच समजा.

मावशी गप्प झाली. मग म्हणाली, "पाच लाखांत गुडघ्याचं ऑपरेशन झालं असतं रे." यावर काय बोलणार? हे भामटे नेमकी अशीच गरज हेरतात.

तुमच्या घरातल्या म्हाताऱ्या माणसांना आजच हे सांगा. पैसे गेलेच असतील तर लाजू नका, लगेच १९३० वर फोन करा. आणि नाण्यांची खरी किंमत बघायची असेल तर अंजनेरीचं नाण्यांचं संग्रहालय आहेच. मावशीला येत्या रविवारी तिकडेच नेतोय.