झाकणाआडची भाकरी

पारनेर तालुक्यात मी दुसरीच्या वर्गाला शिकवते. मधल्या सुट्टीत पोषण आहाराची खिचडी मिळते, तरी बरीच मुलं घरून डबाही आणतात. त्यातला एक मुलगा डबा उघडला की झाकण एका हाताने उभं धरायचा आणि त्याच्या आडून घास तोडायचा. आत बाजरीची भाकरी आणि लसणाची चटणी. शेजारच्याच्या हातात पाच रुपयांचा चकचकीत पुडा.

तोवर मी आहाराचा पाठ फळ्यावरच घेत होते. मधोमध रेघ, एकीकडे ‘चांगलं’, दुसरीकडे ‘वाईट’. मुलं एका सुरात उत्तरं द्यायची. दुसऱ्याच दिवशी एक मुलगी पाण्याच्या टाकीमागे बसून पुडा संपवताना दिसली. माझ्या पाठातून ती लपून खायला शिकली होती. तिची आई पहाटेच खुरपायला जाते. निघताना लेकीच्या हातावर पाच रुपये ठेवते, ती तिची माया. ती मी फळ्यावर ‘वाईट’च्या खाली लिहून टाकली, हे आठवलं की आजही जीव कासावीस होतो.

आता मी रेघ मारत नाही. मुलांच्या गोलात बसून माझी भाकरी सोडते आणि विचारत राहते. यंदा कुणाच्या रानात बाजरी आहे? माळ्यावर बसून पाखरं कोण राखतं? एकदा एक मुलगी म्हणाली, “बाई, बाजरीचं पीठ लई दिवस ठेवायचं नसतं, कडू पडतं.” सात वर्षांची पोर! एवढं ठाऊक असलेल्या मुलांना भाकरीची लाज कुठून आली, याचा विचार आपण मोठ्यांनी करायचा. टीव्हीवरच्या जाहिरातीत भाकरी कितीदा दिसते?

चौथीच्या मुलांसोबत थंड पेयाच्या बाटलीवरचा मजकूर वाचला. १०० मिलिलिटरमागे साधारण १० ग्रॅम साखर. पाव लिटरची किती, ते गणित मुलांनीच केलं, तराजूत २५ ग्रॅम तोलली आणि रिकाम्या ग्लासात ओतली. चहाचे पाच चमचे. ग्लास हातोहात फिरला. मी तेव्हा एक शब्दही जोडला नाही. शिकवण्यात गप्प राहणं मला सगळ्यात उशिरा जमलं.

भाजीचं मात्र नुसतं बघून भागत नाही. पहिली ते पाचवीच्या मुलामागे रोज ५० ग्रॅम भाजी हे सरकारी प्रमाण. पण पानं ताटाच्या कडेला काढून ठेवलेली असायची. मग परसबागेत प्रत्येकाला वीतभर वाफा दिला. मेथी पेरली. तिसऱ्या-चौथ्या दिवशी कोंब वर आले, तेव्हा प्रार्थनेची ओळ मोडून सगळे तिकडे पळाले. महिन्याच्या आत खुडणी झाली आणि खिचडी करणाऱ्या मावशींनी ती पातेल्यात टाकली. “ही माझ्या वाफ्यातली,” म्हणत पानं शोधून शोधून खाल्ली पोरांनी. दोघांनी तरीही काढून ठेवली. ठेवू देत. नवी चव जिभेला आठ-दहा वेळा भेटावी लागते, हे मी माझ्या वर्गात पाहिलंय. जबरदस्तीने भरवलेला एक घास ते सगळं मागे नेतो.

परवा त्या मुलाने झाकण जमिनीवर उताणं ठेवलं, त्यात भाकरीचा चतकोर काढला आणि शेजारच्यापुढे सरकवला. त्यानेही पुड्यातले चार तुकडे त्यात टाकले. दोघांनी दोन्ही खाल्लं. मी चटणीसाठी हात पुढे केला.