आचोळ्याच्या रस्त्याची कड

पश्चिम रेल्वेने विरारकडे जाताना वसई रोड मागे पडले की पुढचे स्थानक नालासोपारा. स्थानकाच्या पश्चिमेस प्राचीन शूर्पारक, म्हणजे आजचा सोपारा. पूर्वेस आमचे आचोळे. सोपाऱ्याची कीर्ती सर्वश्रुत आहे. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तेथील स्तूप उकलला, आणि अशोकाच्या आठव्या शिलाशासनाचा एक तुकडाही तेथे सापडला. राजाने मृगयादि मौजेच्या यात्रा सोडून धर्मयात्रा आरंभिल्या, असा त्या शासनाचा विषय. आचोळ्याजवळ असे दाखविण्याजोगे काही नाही. एक तलाव, जुन्या गावाच्या थोड्याशा खुणा, आणि भोवती दाटीने उभ्या राहिलेल्या इमारती. तथापि या गावाच्या रस्त्याने आम्हांस उतारवयात एक धडा दिला. तो वाचकांपुढे ठेवावा, एवढ्याचकरिता हा लेख.

आम्ही नोकरीची सारी वर्षे सायकलीने शाळेत गेलो. सेवानिवृत्तीनंतर पुतण्यांच्या बिऱ्हाडी आचोळ्यास राहावयास आलो, तेव्हा सामानात सायकलही आली. रोज पहाटे साडेपाचास आम्ही तलावाकडे फेरी मारितो. त्या वेळी रस्ता पाहण्याजोगा असतो. पाववाले कॅरिअरवर पावांचा भारा बांधून घंटी वाजवीत जातात. दूधवाले, वर्तमानपत्रे टाकणारी मुले, वसईच्या कारखान्यांतून रात्रपाळी करून परतणारे कामगार, असे किती तरी लोक सायकलीवर भेटतात. मोटारीतले गाव अद्याप निजलेले असते; परंतु त्याचा चहा व त्याचे वर्तमानपत्र सायकलीवरून निघालेले असते.

आमच्या या नित्याच्या वाटेवर सायकलीकरिता निराळा पट्टा आखलेला नाही. रस्त्याची डावी कड, तोच सायकलीचा पट्टा. परंतु त्या कडेला रात्रीपासून मोटारी ओळीने उभ्या असतात. उभी मोटार दिसावयास मोठी निरुपद्रवी. ती धावत नाही, कोणास धडकत नाही. मात्र ती आली की सायकलस्वारास कड सोडून मध्ये यावे लागते, आणि मागून येणाऱ्या रिक्षेस वा डंपरास तो एकाएकी आपल्यापुढे आलेला दिसतो. मोटार ओलांडून तो पुन्हा कडेस जातो, तोच दुसरी मोटार. पावसाळ्यात पाण्याखाली खड्डे दिसेनासे होतात, तेव्हा तर हा नागमोडी प्रवास जिवावरचा होतो. या मोटारवाल्यांविषयी आम्ही घरी जेवताना पुष्कळ वेळा तावातावाने बोललो आहो.

गेल्या आषाढातील गोष्ट. सकाळी सातच्या सुमारास आम्ही थोरल्या पुतण्याच्या मोटारीतून एका नातलगाच्या समाचारास जाऊन परत आलो. इमारतीच्या आवारात जागा नसल्यामुळे पुतण्याने मोटार रोजच्याप्रमाणे रस्त्याच्या कडेस लाविली. आम्ही त्याच्या मागच्या आसनावर, म्हणजे उजवीकडे, बसलो होतो. मनात काही विचार चालला होता. मागे न पाहता आम्ही दार उघडले, आणि त्याच क्षणी एक पाववाला सायकलीसह त्या दारावर आदळून रस्त्याच्या मध्यावर पडला. मागून येणाऱ्या रिक्षावाल्याने करकचून ब्रेक दाबिला. त्याचे पुढचे चाक पाववाल्याच्या डोक्यापासून दोन हातांवर थांबले. पाव चिखलात विखुरले होते.

त्या गृहस्थास आम्ही ओळखत होतो. रोज पहाटे आम्ही एकमेकांस घंटी वाजवून नमस्कार करीत असू. तो उठून बसला, मनगट धरून आमच्याकडे पाहिले आणि म्हणाला, "गुरुजी, तुम्ही होय!" त्या तीन शब्दांत राग नव्हता, केवळ आश्चर्य होते; आणि तेच आम्हांस अधिक लागले.

मनगटाचे हाड मोडले होते. औषधपाण्याचा व पावांचा खर्च आम्ही केला, त्यात विशेष काही नाही. चार दिवसांनी समाचारास गेलो असता तो सहज बोलून गेला, "गुरुजी, कडेनेच जावं म्हणतात. पण कडेला गाडी उभी, म्हणून मधून जायचं. आता मागचा डंपर बघू, का पुढचं दार बघू? डोळे तर दोनच." सायकलीच्या सुरक्षिततेविषयी पुढे आम्ही बरेच वाचिले, परंतु याहून नेमके कोठे आढळले नाही.

संस्कृताच्या अभ्यासकास अशा वेळी जुने ग्रंथ आठवावयाचेच. वाट कोणास द्यावी हे मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात सांगितले आहे. त्यात राजा व वर यांच्याबरोबर रोगी, अतिवृद्ध, स्त्री आणि ओझे वाहणारा यांचीही गणना आहे. पावांचा भारा नेणारा ओझे वाहणारा नव्हे, तर कोण? कौटिल्य तर दंडच सांगतो. माणसे व लहान जनावरे यांची वाट अडविणाऱ्यास १२ पण, मोठ्या जनावरांची वाट अडविणाऱ्यास २४. आजचा कायदाही मुका नाही. २०१७ च्या मोटार वाहन चालनविषयक विनियमांनी पदपथावर व सायकलपट्ट्यावर वाहन उभे करण्यास मनाई केली आहे. परंतु जेथे पट्टाच नाही तेथे काय? आणि जेथे आहे तेथे तरी काय?

पट्टा आखला म्हणजे काम झाले असे ज्यांस वाटते, त्यांनी मुंबईचे वांद्रे-कुर्ला संकुल आठवावे. तेथे सरकारी खर्चाने सायकलपट्टा बांधण्यात आला. पुढे त्यावर मोटारी उभ्या राहू लागल्या, सायकली दिसेनाशा झाल्या, आणि वापर नाही म्हणून तो पट्टा काढून रस्ता रुंद करण्याचे २०२५ साली ठरले. एके काळी सायकलींचे शहर म्हणविणाऱ्या पुण्यात महापालिकेने २०१७ साली सायकल आराखडा मंजूर केला. तेथील पट्ट्यांवरही ठिकठिकाणी मोटारी व दुचाक्या उभ्या दिसतात. आधी वाट अडवावयाची, आणि मग वाटसरू नाहीत म्हणून वाटच मोडावयाची, असा हा न्याय आहे!

याच्या उलट उदाहरण हॉलंडचे. तो देश जन्मतः सायकलस्वारांचा होता असे नव्हे. १९७१ साली तेथे रस्त्यांवर तीन हजारांहून अधिक माणसे मेली. त्यांत चारशेंहून अधिक मुले होती. तेव्हा आईबाप रस्त्यावर उतरले, आणि पुढील काळात तेथील रस्त्यांची रचनाच पालटली. मोटारीचे दार दूरच्या हाताने उघडण्याची तिकडची सवयही प्रसिद्ध आहे. ब्रिटनने २०२२ साली तिचा आपल्या रस्त्यांच्या नियमावलीत समावेश केला. उजवीकडे बसणाऱ्याने डाव्या हाताने दार उघडावे. त्या योगे खांदा आपोआप वळतो व नजर मागे जाते. यास एका पैचा खर्च नाही.

आपल्याकडेही सायकल पूर्वी सभ्य गृहस्थांचे वाहन होते. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली बेळगावास सायकलींचे दुकान काढिले, तेव्हा ती नवलाची व महागाची वस्तू होती. आज आपल्या घरांत मोटारी आल्या, सायकल गरिबाकडे राहिली, आणि तिच्याबरोबर रस्त्याच्या कडेवरील तिचा हक्कही आपल्या दृष्टीआड झाला.

आमच्या घरात या विषयावर एका रात्री बैठक झाली. पुतण्या म्हणाला, "काका, पलीकडच्या आवारात जागा मिळते, पण महिन्याचे भाडे पडते आणि दहा मिनिटे चालावे लागते. शिवाय सगळेच इथे लावतात. आपण एकट्याने काढून काय होणार?" त्याचे म्हणणे अगदीच टाकाऊ नव्हते. आम्हांस तत्काळ उत्तर सुचले नाही. तोच सूनबाई स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाल्या, "अहो, धाकटा पुढच्या वर्षी सायकलने शाळेत जाणार आहे. तो मध्ये जाऊ नये असं वाटत असेल, तर आपली गाडी आधी बाजूला घ्या. मग इतरांना सांगायला तोंड राहील."

दुसऱ्या दिवसापासून मोटार पलीकडच्या आवारात जाते. भाडे भरावे लागते, पावसात छत्री घेऊन चालावेही लागते. शेजारच्या इमारतीतील एका गृहस्थांनी आमचे पाहून तसेच केले. दुसऱ्या एकाने आमच्या रिकाम्या झालेल्या जागी आपली मोटार आणून लाविली, हेही सांगितले पाहिजे. त्यांच्याशी आमचे बोलणे चालू आहे.

पाववाला दीड महिन्याने पुन्हा सायकलीवर बसला. पहाटे आमची गाठ पडते, तो घंटी वाजवितो, आम्हीही वाजवितो. परंतु उभ्या मोटारीजवळून जाताना तो अद्याप मान तिरपी करून आत कोणी बसले आहे काय ते पाहतो. ज्या वाचकांच्या दारी मोटार आहे, त्यांनी ती रात्री कोठे उभी असते ते एकदा खाली उतरून पाहावे, आणि घरातील मुलांस दार दूरच्या हाताने उघडावयास शिकवावे, एवढीच आमची विनंती आहे.