विसाव्याचा हिशेब

आळशास लाजविणाऱ्या म्हणी आमच्या भाषेत हव्या तितक्या सापडतात. दमलेल्याची बाजू घेणारी म्हण मात्र सहसा हाती लागत नाही. हरीच्या भरवशावर खाटल्यावर पडून राहणाऱ्याची आम्ही थट्टा करतो, ती यथायोग्यच आहे. परंतु आळसाने पडलेला आणि थकून पडलेला यांत भेद करण्याची सवय आम्हांस नाही, आणि त्याचा भुर्दंड आमच्या घरांतील तरुण खेळाडूंस सोसावा लागतो.

छपराखालच्या फुटबॉलचेच उदाहरण घ्या. फुटसाल या नावाने जगभर पसरलेला हा खेळ १९३० साली हुआन कार्लोस सेरियानी नामक शिक्षकाने दक्षिण अमेरिकेतील माँटेव्हिडिओ येथे सुरू केला. आपल्या देशात त्याची पहिली राष्ट्रीय क्लब स्पर्धा २०२१ साली झाली. प्रत्येक बाजूस ५ गडी, २० मिनिटांचा पूर्वार्ध आणि तितकाच उत्तरार्ध. "एवढ्याने काय दमायचे?" असे वडीलधाऱ्यांस वाटणे स्वाभाविक आहे. वस्तुतः चेंडू बाहेर गेला की घड्याळ थांबते, म्हणून ती मिनिटे निव्वळ खेळाची असतात. आणि मैदान लहान असल्याने क्षणोक्षणी धावणे, थबकणे, वळणे आलेच. म्हणूनच या खेळात गडी हवा तेव्हा आणि हवा तितक्या वेळा बदलता येतो. नियम करणाऱ्यांनी विसाव्यास खेळातच जागा दिली आहे. आमच्या वेळापत्रकांत मात्र ती नाही.

दिवाळीच्या मागेपुढे सामने आणि परीक्षा एकदमच येतात. अशा दिवसांत आमचा एक विद्यार्थी सायंकाळी धुळ्यास सामना खेळून रात्री एस. टी.ने सुमारे ९० किलोमीटरवरील जळगावास परते आणि सकाळी सातच्या तासास हजर राही. "दमलास काय?" असे विचारले, तर "नाही सर" हे त्याचे उत्तर ठरलेले. दमलो म्हणणाऱ्याचे नाव संघातून गळते, अशी त्याची समजूत. ती अगदीच निराधार होती, असे आम्हांस म्हणवत नाही. आठ दिवसांतील चौथ्या सामन्यात त्याचा पाय मुरगळला आणि महिनाभर त्यास घरी बसावे लागले. एका दिवसाचा जो विसावा मागता आला नाही, तो असा व्याजासह घ्यावा लागला.

यात दैवाचा दोष थोडा, हिशेबाचा अधिक. धावण्याच्या कामी येणारी साखर स्नायूंत ग्लायकोजेनच्या रूपाने साठविलेली असते. कसून खेळल्यावर तो साठा पुष्कळसा सरतो, आणि पुरता भरून येण्यास निदान एक अहोरात्र, कित्येकदा दोन-तीन दिवसही लागतात. तोवर डोळ्यांस दिसलेले पायांपर्यंत उशिरा पोचते. झोपेचाही हिशेब असाच आहे. १३ ते १८ वर्षांच्या मुलांस रोज ८ ते १० तास झोप हवी, असे अमेरिकेतील निद्रावैद्यकाच्या संस्थेने २०१६ साली सांगितले. बाकीच्या उपायांसाठी महागडी चूर्णे नकोत. सामन्यानंतर जळगावची दोन केळी, घरी वरण-भाकरी आणि भरपूर पाणी यांवर पुष्कळ भागते. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढणाऱ्या या मुलुखात पाण्याची थोरवी वेगळी सांगावयास नको.

खानदेशातील शेतकऱ्यास हे ज्ञान कोणी शिकवावे लागले नाही. ऊन चढले की तो औत सोडतो. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे हळद-तुपाने मळतो, आणि पोळ्यास त्यांच्या मानेवर जू ठेवीत नाही. त्या दिवशी बैलास आळशी म्हणणारा मनुष्य येथे भेटावयाचा नाही. सामन्यांची आखणी करणाऱ्यांनी दोन सामन्यांमध्ये एक तरी दिवस मोकळा ठेवावा, आणि घरच्या मंडळींनी रविवारी उशिरापर्यंत निजलेल्या मुलाचे पांघरूण ओढण्यापूर्वी आदल्या रात्री तो कोठून आणि किती वाजता आला होता, एवढे आठवून पाहावे.